अकरा नंबरचा वाडगा

बाईंचा फोन आला की टाकीमामा आजही उभे राहून बोलतात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, पण पलीकडून "अरे, आहेस का?" असं ऐकू आलं की स्वारी खुर्चीतून उठलीच म्हणून समजा. त्या मंगळवारी सकाळीही तसंच झालं.

"अरे, आहेस का? दुपारी ये. येताना चष्मा आण, एक सही करायची आहे."

"कसली सही, बाई?"

"पत्र आलंय एक. अकरा नंबरबद्दल."

मामा "हो" म्हणाले, फोन ठेवला आणि परत बसायचं विसरून गेले. गॅसवर चहा उतू जाऊन भांडं करपलं तेव्हा कुठे ते भानावर आले.

टाकीमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात छत्तीस वर्षं त्यांनी टाक्या सांभाळल्या. समुद्राचं पाणी ओढायचं, गाळायचं, टाक्यांत सोडायचं, खारटपणा मोजायचा, काचा घासायच्या. तिथे शिकायला आलेली पोरं पुढे मोठमोठ्या पदांवर जाऊन बसली, पण टाकी गळायला लागली की त्या सगळ्यांच्या तोंडी एकच हाक असायची, मामा. बाई तेवढ्या कधी मामा म्हणाल्या नाहीत. त्या केंद्रातल्या सगळ्यात वरच्या शास्त्रज्ञ, शिवाय वयाने तेरा वर्षांनी मोठ्या. त्यांचं आपलं "अरे".

बाईंचं सगळं आयुष्य समुद्रफुलांत गेलं. नावात फूल असलं तरी तो प्राणी. करंगळीएवढा, खडकाला बुड चिकटवून बसलेला, आणि डोक्यावर लवलवत्या मिशांचा झुपका. मामा मिशा म्हणायचे, बाई दुरुस्त करायच्या, मामा पुन्हा मिशाच म्हणायचे. त्या मिशांच्या मांसात डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक शेवाळ राहतं, सोनेरी-तपकिरी दाण्यांचं. ऊन पडलं की हे दाणे उन्हाच्या जोरावर साखर तयार करतात आणि त्यातली बरीचशी त्या प्राण्याला देतात. प्राणी त्यांना राहायला जागा देतो आणि आपल्या अंगातला टाकाऊ माल त्यांना खत म्हणून पुरवतो. बाई नव्या पोरांना सांगायच्या, "भाडेकरू आहेत ते. भाडं साखरेत भरतात." भाडं वेळेवर मिळालं की फुलं भराभर वाढायची, सरकताना बुडाचा एखादा कपटा मागे टाकायची आणि त्या कपट्यातून नवं फूल उभं राहायचं. अंधारात ठेवलेल्या फुलातलं शेवाळ मात्र हळूहळू नाहीसं व्हायचं. मग फूल पांढरंफटक पडायचं आणि तुम्ही भरवाल तेवढ्यावर कसंबसं जगायचं.

किती दिवस अंधारात ठेवलं म्हणजे शेवटचा दाणासुद्धा जातो, हा बाईंचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी सुताराकडून एक कपाट करून घेतलं, आतून-बाहेरून काळं रंगवलेलं, फटीफटीला रबर लावलेलं. आत चोवीस काचेचे वाडगे, प्रत्येकात चार-चार फुलं. मुदत तीन वर्षं. कपाट उघडायचं ते खोलीचे पडदे ओढून, मंद लाल दिवा लावून, आठवड्यातून दोनदा, पाणी बदलायला आणि खाऊ घालायला. किल्ली एकच, आणि ती मामांच्या गळ्यात. तेव्हा मामा जेमतेम तीस वर्षांचे होते, आणि गळ्यातली ती किल्ली त्यांना एखाद्या पदकासारखी वाटायची. शर्टाचं वरचं बटण ते मुद्दाम उघडं ठेवायचे.

काचसामान धुवायच्या खोलीत तेव्हा त्यांची बायको कामाला होती. तिला सगळे काचवाली म्हणत. नळ्या, वाडगे, बाटल्या धुवून ती अशा लख्ख मांडायची की काच आहे की नाही ते हात लावून बघावं लागे. दुपारी एकला केंद्र रिकामं झालं की ही दोघं टाक्यांच्या खोलीत खिडकीच्या ओट्यावर बसून डबा खायची. खाली समुद्र, समोर ऊन, मागे काळं कपाट.

पहिल्याच महिन्यात अकरा नंबरच्या वाडग्यातली तीन फुलं मेली. एकच उरलं. मामांनी जेवताना सहज सांगितलं, आणि तिचा घास हातातच राहिला.

"अहो, म्हणजे ते एकटंच बसलंय त्या काळोखात?"

"त्याला काय कळतंय?"

"तुम्हाला काय माहीत त्याला काय कळतं ते? बाकीच्यांना सोबत तरी आहे." आणि दोन दिवसांनी, "आपण जेवतो तेवढा वेळ तरी त्याला बाहेर आणा ना. कुणाला कळणार आहे?"

मामांना नियम ठाऊक नव्हता असं नाही. चांगला तोंडपाठ होता. पण नवं लग्न, दुपारची वेळ, आणि समोर असं गळ घालणारं माणूस. चोवीसातला एक वाडगा, त्याने काय आभाळ कोसळणार आहे? पडदा ओढून, लाल दिव्यात त्यांनी अकरा नंबर बाहेर काढला, कपाट नीट बंद केलं, पडदा उघडला आणि वाडगा खिडकीत दोन डब्यांच्या मधे ठेवला. थोड्या वेळाने त्या फुलाने एकेक करून मिशा उघडल्या. काचवाली इतकी हसली की तिला ठसका लागला. ऊन फार झालं की ते फूल अंग चोरून घ्यायचं, मग ती जेवता जेवता डावा हात वाडग्यावर आडवा धरायची. जेवण संपलं की अकरा नंबर परत कपाटात. एक दिवस केलेली गोष्ट रोजची झाली, आणि रोजची गोष्ट पुढे चूक वाटेनाशी झाली.

तीन वर्षांनी बाईंनी कपाट रिकामं केलं. तेवीस वाडग्यांतल्या फुलांचे पातळ काप करून त्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिले, एकातही शेवाळ नाही. अकरा नंबर वरून बाकीच्यांइतकंच पांढरं होतं. पण त्याच्या कापात दाणे होते. थोडे, विरळ, पण जिवंत, सोनेरी. बाई मायक्रोस्कोपवरून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मग त्यांनी अख्ख्या केंद्राला बोलावून एकेकाला त्या भिंगातून बघायला लावलं. कधी मोठ्याने न हसणाऱ्या बाई त्या दिवशी टाळ्या वाजवत होत्या. प्रकाश मुळीच नसतानाही हे शेवाळ तीन वर्षं तग धरू शकतं, प्राणी त्याला पोसतो, म्हणजे भाडेकरूच्या वाईट दिवसांत घरमालक त्याला सांभाळून घेतो, असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या. मामा आणि काचवाली सगळ्यांच्या मागे उभे होते. तिने मामांचा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

"उद्या सांगा," ती घरी गेल्यावर म्हणाली.

"उद्या सांगतो," मामा म्हणाले.

तो उद्या काही उगवला नाही. आधी बाईंचा आनंद आड आला, मग त्यांचा निबंध छापून आला, आणि छापलेल्या अक्षराला कोण हात लावणार? वर्षभराने बाई दूरच्या शहरातल्या एका मोठ्या सभेत बोलायला गेल्या. तिथे एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, की कपाटात कुठून तरी उजेड शिरत नव्हता कशावरून? बाई म्हणाल्या, "किल्ली माझ्या टाक्या सांभाळणाऱ्या माणसाकडे होती. मी स्वतःवर ठेवणार नाही इतका विश्वास त्याच्यावर ठेवते." सभागृहात हशा पिकला. सोबत गेलेल्या विद्यार्थ्याने परत आल्यावर हे सगळं साभिनय सांगितलं, बिचाऱ्याला काय माहीत. बाईंनी बॅग खाली ठेवली आणि मामांना एवढंच विचारलं, "पाणी बदललंस का रे?"

त्यानंतर दोन-तीन ठिकाणी लोकांनी तोच प्रयोग वर्ष-सहा महिने करून पाहिला आणि हात झटकले. बाईंचं नाव निघालं की लोक "त्या अकरा नंबरवाल्या" म्हणून गालातल्या गालात हसायचे. बाई पुन्हा कुठल्या सभेला गेल्या नाहीत. काचवालीने मधे एकदा विषय काढला तेव्हा मामा तिच्यावर खेकसले, आणि तिने तो पुन्हा काढला नाही. काढला तो एकदम शेवटच्या आजारात, चार वर्षांपूर्वी. "तेवढं बाईंना सांगा हं," म्हणाली. मामांनी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

तर अशी ही सगळी पुंजी पोटात घेऊन मामा त्या मंगळवारी बाईंचा जिना चढले.

बाईंची खोली पहिल्या मजल्यावर. पुस्तकांनी तीन भिंती भरलेल्या, चौथीला तेच काळं कपाट. केंद्र नव्या इमारतीत गेलं तेव्हा भंगारात निघालेलं ते कपाट बाईंनी मागून आणलं होतं आणि आता त्यात पांघरुणं ठेवत होत्या. खिडकीत एका वाडग्यात तीन तपकिरी समुद्रफुलं डोलत होती, अकरा नंबरच्या बुडाच्या उरलेल्या कपट्यातून वाढलेली त्याचीच पतवंडं. बाई एक्क्याऐंशीच्या झाल्या होत्या, पण डोळ्यांत आज निराळीच चमक होती. मामांना ती चमक ओळखीची होती आणि तिचीच त्यांना धास्ती वाटली.

"बस. चष्मा लाव. एका मुलीचं पत्र आहे, कुठल्याशा विद्यापीठातली. माझा निबंध तिला कुठे सापडला देव जाणे. ती प्रयोग पुन्हा करणार आहे. पूर्ण तीन वर्षांचा. पस्तीस वर्षांत कुणी पूर्ण तीन वर्षं केलाच नव्हता, अरे. सगळे अर्ध्यात पळाले."

त्या मुलीने सात प्रश्न विचारले होते. कपाटाचं लाकूड कोणतं, रबर कसलं, लाल दिवा केवढा, पाणी किती दिवसांनी बदलायचं. बाईंनी एकेकाचं उत्तर वळणदार अक्षरात लिहून काढलं होतं. पाचवा प्रश्न होता: या तीन वर्षांत कपाट किंवा त्यातला कुठलाही वाडगा साध्या उजेडात आला होता का? बाईंनी लिहिलं होतं, 'कधीही नाही.' खाली दोन सह्यांची जागा. एक झाली होती.

"इथे कर. किल्ली तुझ्याकडे होती, तर साक्षही तुझीच पाहिजे."

मामांनी पेन उघडलं. खिडकीतली फुलं मिशा हलवत होती.

"बाई, ही मुलगी केवढी असेल?"

"सत्तावीस-अठ्ठावीस. का?"

"तीन वर्षं लागणार तिला?"

"तीनच नाहीत, मांडामांड आणि लिखाण धरलं तर पाच. पदवीच यावर घेतीये ती."

मामांनी पेनाचं टोपण लावलं. इतकी वर्षं ते स्वतःला समजावत आले होते, की झालं ते झालं, आता सांगून बाईंना कशाला दुखवा. पण या पोरीचं अजून काहीच झालेलं नव्हतं. तिची पाच वर्षं अजून तिच्याकडे होती.

"अकरा नंबर मी बाहेर काढायचो," ते म्हणाले. "रोज. जेवायच्या सुट्टीत खिडकीत ठेवायचो. ते फूल एकटंच उरलं होतं म्हणून."

आधी बाईंना नीट ऐकू आलं नसावं असं मामांना वाटलं.

"रोज?"

"रविवार सोडून."

"तीन वर्षं?"

"हो."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "त्या सभेत मी तुझा हवाला दिला होता."

"माहीत आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मामांना बरं वाटलं असतं. "लोक हसले तरी मी म्हणायचे, हसू देत. माझा माणूस खात्रीचा आहे. पस्तीस वर्षं मी हे स्वतःला सांगत होते. आणि तू खाली पाणी बदलत होतास."

मामांनी बंद पेन सह्यांच्या कागदावर ठेवलं.

"जा तू," बाई म्हणाल्या.

मामा जिना उतरले. घरी पोहोचल्यावर कळलं, चष्मा बाईंच्या टेबलावरच राहिला. परत मागायला जायचं तोंड नव्हतं. चार दिवस त्यांनी वर्तमानपत्र नुसतं उलगडून घडी करून ठेवलं. बायकोच्या फोटोसमोर जाऊन ते म्हणाले, "सांगितलं बघ. तुझं नाव नाही घेतलं." फोटोसुद्धा धूसर दिसत होता. एवढं सांगून मन हलकं व्हायला हवं होतं, पण कशाचं काय. खरं सांगणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पस्तीस वर्षं उशिरा सांगून बघावं.

शनिवारी सकाळी फोन वाजला. मामा वाजल्या क्षणीच उभे राहिले.

"अरे, आहेस का? किती वेळ?"

"काय किती वेळ, बाई?"

"वाडगा उन्हात किती वेळ असायचा? अदमासे सांगू नकोस."

मामांनी डोळे मिटले. डबा उघडणं, तिचं बोलणं, हसणं, पाणी पिणं, डबा बंद करणं. "वीस मिनिटं. एखादं मिनिट इकडे-तिकडे."

"ये मग. तुझा चष्मा इथे लोळतोय."

टेबलावर बाईंच्या जुन्या वह्या पसरलेल्या होत्या. पत्राचं ते पान फाडलेलं होतं आणि नव्या पानावर पाचव्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलेलं होतं: 'हो. सविस्तर पुढे.'

"मी तुला माफ केलंय असा समज करून घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "ते होईल तेव्हा होईल. आधी खिडकी सांग. काच बंद की उघडी?"

"उघडी."

"ढगाळ असलं तरी?"

"तरी काढायचो."

"ऊन थेट वाडग्यावर?"

"थेट यायचं. पण मग ते अंग चोरायचं, तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"तेव्हा वर हात धरायचो."

"जेवता जेवता? तुझा एक हात डब्यात, दुसऱ्यात पाण्याचा गडू. तुला मी चांगली ओळखते." बाईंनी वहीतून मान वर केली. "तुम्ही दोघं खिडकीत जेवायचात. मी जिन्यावरून बघायचे, तुमच्या पाठी दिसायच्या. रोज वाटायचं, ही दोघं इतकं काय बोलतात? एकदा वाटलं, आपणही डबा घेऊन जावं. मग वाटलं, कशाला उगीच मधे मधे." त्यांनी वहीवर पेन टेकवलं. "हात तिचा होता ना?"

मामांनी मान हलवली. या वेळी ती हलवायला फार जड गेली. "डावा. बोटं जरा उघडी ठेवून."

बाईंनी लिहिलं: 'डाव्या हाताची सावली, बोटं विलग.' मग त्यांनी त्या ओळीखाली एक रेघ मारली.

"मी काय शोधत होते माहितीये? प्रकाश मुळीच नसला तर ते दाणे कसे जगतात. आणि तुम्ही दोघांनी मला दाखवलं होतं, किती थोडा प्रकाश त्यांना पुरतो. वीस मिनिटं, त्यातही निम्मी हाताच्या सावलीत. आणि तीन वर्षं टिकले, अरे. हे त्या वेळी सांगितलं असतंस तर कुणी हसलं नसतं." बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसायची घाई केली नाही. "त्याचं मला वाईट वाटतं. आणि राग येतो. दोन्ही."

"हो, बाई."

"त्या मुलीला मी कळवणार आहे, दोन कपाटं कर म्हणून. एक कायमचं बंद, एक वीस मिनिटांचं. आणि वीस मिनिटांचं एक आपण इथे करायचं." त्यांनी हात केला. मामांनी वळून पाहिलं. काळ्या कपाटातली पांघरुणं पलंगावर रचलेली होती. आत एक रिकामा वाडगा ठेवलेला होता. "किल्ली आहे का अजून?"

घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ती होती. आठ वर्षं ती कुठल्या कुलपात फिरली नव्हती, पण काढून टाकायचं मामांच्या जिवावर आलं होतं.

"पण बाई, तीन वर्षं लागतील."

"मग? तुला कुठे जायचंय?"

"मला कुठे जायचंय? तुम्ही..."

"मी चौऱ्याऐंशीची होईन. झाले तर होईन. एक अडचण मात्र निराळीच आहे. तुझ्या सुट्टीचा अंदाज घ्यायला काल मी घड्याळ लावून जेवले. माझं जेवण सात मिनिटांत उरकतं. तुझं किती वेळात होतं आता?"

मामांनी विचार केला. ओट्याशी उभ्याउभ्या, पातेल्यातूनच. "तेवढ्यातच."

"तेच तर. एकट्याच्या जेवणाला वीस मिनिटं लागत नाहीत." बाईंनी वही मिटली. "सोमवारपासून डबा घेऊन येत जा. एक वाजता. रविवार सोडून."

मामा खिडकीपाशी गेले. तीन फुलांपैकी सगळ्यात लहान फूल त्यांनी ड्रॉपरच्या टोकाने हळूच सोडवलं, रिकाम्या वाडग्यात तिथलंच थोडं पाणी घालून त्यात ठेवलं, कपाट लावलं आणि किल्ली फिरवली. ती अजून तशीच सहज फिरली. मग दाराकडे जाता जाता ते थांबले.

"बाई, भाजी तिखट चालते का तुम्हाला?"